दांतांची शिस्त

माझें सारें आयुष्य मुलांना रांगेंत उभें करण्यांत गेलें. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन मी प्राथमिक शाळेंत मास्तर झालों, आणि प्रार्थनेच्या वेळीं रांग वांकडी दिसली कीं माझ्या हातांतली छडी आपोआप वर जाई. त्या काळीं ती चाले; पुढें २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ती बंद झाली, आणि झालें तें योग्यच झालें. अशा माणसानें आज दांतांच्या रांगेविषयीं बोलावें, हें आपणांस कांहींसें गमतीचें वाटेल. मी वैद्य नाहीं, आणि वैद्यकीचा आवहि आणणार नाहीं. परंतु पेन्शनर माणसाकडे घरांतलीं कांहीं कामें न मागतां चालत येतात, त्यांपैकीं एक माझ्याकडे आलें. नातीच्या दांतांना तार बसविली होती, आणि तिला घेऊन महिन्या-सव्वा महिन्यानें एस. टी. नें जिल्ह्याच्या गांवीं दंतवैद्यांकडे जावें लागे. सव्वीस महिने हें चाललें. त्या दवाखान्याच्या बांकावर बसून मीं जें पाहिलें, डॉक्टरांना विचारून जें समजून घेतलें, आणि दोन ठिकाणीं मी स्वतः जो चुकलों, तें सांगितल्यास ज्यांच्या घरीं हा प्रसंग उद्यां येणार आहे त्यांना उपयोगीं पडेल, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

त्याआधीं एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. हुशार, अक्षर मोत्यासारखें. पण धडा वाचावयास उभा केला कीं डावा हात तोंडापुढें धरी, आणि शब्द बोटांमागें अडकून राहत. “हात खालीं घे!” असें मी ओरडत असें, आणि वर्ग हंसत असे. त्याचे वरचे पटाशीचे दांत ओठांच्या बाहेर आलेले होते, आणि त्यावरून मुलांनीं त्याला एक नांव ठेविलें होतें, हें मला ठाऊक होतें. तरी तो हात तेथें कां येतो, हा साधा प्रश्न मीं त्याला कधीं विचारला नाहीं. नातीच्या दांतांविषयीं घरांत पहिल्यानें बोलणें निघालें, तेव्हां मला आठवला तो हात.

नात त्या वेळीं आठ वर्षांची होती. वरच्या मधल्या दोन दांतांत चांगली फट पडलेली, आणि चारी पटाशीचे दांत पंख्याच्या काड्यांसारखे फांकलेले. घरांत नेहमींप्रमाणें तीन मतें झालीं. शेजारच्या वृद्ध बाई म्हणाल्या, “दांतांत फट असणं भाग्याचं. हात लावूं नका.” एक आप्त म्हणाले, “मुलीची जात. उद्यां लग्नाच्या वेळीं अडेल; आत्तांच सरळ करून घ्या.” तिसरें मत माझें, तें असें कीं, कायमचे दांत एकदां जसे आले तसे आले, त्यांत माणसानें काय करावयाचें आहे? शेवटीं डॉक्टरांकडे गेलों, तेव्हां गंमत अशी झाली कीं शेजारच्या बाईंचें मत, कारण चुकीचें असूनहि, त्या वेळेपुरतें बरोबर ठरलें. डॉक्टर म्हणाले, “अजून कांहीं करायचं नाहीं. दर सहा महिन्यांनीं दाखवून जा.” सुळे वरून खालीं उतरूं लागतात तेव्हां ते शेजारच्या दांतांच्या मुळांवर रेलतात, आणि त्यामुळें पुढचे दांत कांहीं काळ असे फांकतात. सुळे जागेवर आले कीं, अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, ही फट पुष्कळ मुलांत आपण होऊन मिटते. इंग्रजी ग्रंथांत या अवस्थेला कुरूप बदकपिल्लाची अवस्था असें मोठें मार्मिक नांव आहे. तेव्हां पहिली गोष्ट ही, कीं प्रत्येक वांकडेपणाला उपचार लागतोच असें नाहीं, आणि चांगला वैद्य प्रसंगीं ‘थांबा’ असेंहि सांगतो.

मग दाखवावयाचें कधीं? मुलाच्या तोंडांत दुधाचे दांत वीस. सहाव्या वर्षीं ते पडूं लागतात, आणि त्याच सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागें पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठीं कोणताच दांत पडत नसल्यामुळें पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजतात, आणि ती किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून दुर्लक्ष करतात. बारा-तेराव्या वर्षापर्यंत बहुधा अठ्ठावीस कायमचे दांत येतात, अक्कलदाढा मागाहून. या घडामोडी चालूं असतांना, सातव्या वर्षापर्यंत एकदां तरी तज्ज्ञाला दाखवावें, अशी अमेरिकेंतील या शाखेच्या वैद्यांच्या संघटनेची शिफारस आहे. दाखवावें म्हणजे तार लावावी असें नव्हे. पण कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्यांत वाट पाहण्यानें नुकसान होतें. खालचे पुढचे दांत वरच्यांच्या बाहेर चावत असतील. तोंड मिटतांना जबडा एका अंगाला सरकत असेल. चार-पांच वर्षांनंतरहि अंगठा चोखण्याची संवय सुटली नसेल. नाक चोंदल्यामुळें मूल रात्रंदिवस तोंडानें श्वास घेत असेल. किंवा दुधाची दाढ किडून अकालीं काढावी लागली असेल, तर लवकर दाखविलेलें बरें. अकालीं पडलेल्या दाढेच्या जागेंत मागची दाढ पुढें सरकते, आणि मग खालून येणाऱ्या कायमच्या दांताला दारांतच अडवणूक होते. वरचे दांत फार पुढें असले तर आणखी एक धोका असतो. मूल खेळतांना तोंडावर पडलें, म्हणजे पहिला मार त्या दांतांवर बसतो.

आमच्या नातीची फट अकराव्या वर्षीं मिटली. पण वरचे दांत पुढेंच राहिले, आणि खालचे दाटीनें एकमेकांवर चढले. तेव्हां डॉक्टर म्हणाले, “आतां वेळ झाली.” त्यांनीं दोन्ही जबड्यांचीं मापें घेऊन प्लॅस्टरचे नमुने केले, तोंडाचे व चेहऱ्याचे फोटो काढले, आणि दोन प्रकारचे एक्स-रे घेतले, एकांत सर्व दांत, हिरडींत दडलेल्यांसह, एका ओळींत दिसतात, आणि दुसऱ्यांत चेहऱ्याची बाजू. अलीकडे कोठें कोठें लगद्याऐवजीं तोंडांत लहानसा कॅमेरा फिरवूनहि माप घेतात. हें सारें होईपर्यंत उपचार सुरू होत नाहीं, म्हणून पहिल्या एक-दोन खेपांना ‘कांहींच केलें नाहीं’ असें म्हणून कोणी उतावीळ होऊं नये. जो वैद्य एक्स-रे व नमुना न पाहतांच तार बसवावयास निघेल, त्याच्यापासून मात्र जपावें.

नमुना हातांत घेऊन डॉक्टरांनीं सांगितलें कीं चार उपदाढा, वरच्या दोन व खालच्या दोन, काढाव्या लागतील. माझ्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलें. चांगले, न किडलेले दांत काढावयाचे, ही कल्पनाच आपल्याला सोसवत नाहीं. मला मात्र तें चटकन् समजलें. पांच मुलांच्या बांकावर सहा मुलें बसविलीं, कीं एक तरी अर्धवट बाहेर लोंबणारच! जबड्यांत जागा नसेल तर ती कोठून तरी काढावी लागते. हें प्रत्येक मुलाला करावें लागतें असें नाहीं. लहान वयांत टाळू रुंद करणारा स्क्रू बसवून कांहीं मुलांना जागा करून देतां येते. त्या स्क्रूला घरींच किल्लीनें फिरवावयाचें असतें. एका फेऱ्याचा चौथा हिस्सा फिरविला म्हणजे साधारण पाव मिलिमीटर जागा होते. खालचा जबडा मागें असलेल्या वाढत्या मुलांना काढघालीचीं साधनेंहि देतात. कोणत्या मुलाला काय, हें तज्ज्ञच ठरवील. पण दांत काढण्याचें कारण नमुन्यावर दाखवा, असें म्हणण्याचा आईबापांना अधिकार आहे, आणि शंका राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेण्यांत कोणाचा अपमान नाहीं.

आतां या उपचाराचें मर्म सांगतों. माझी समजूत अशी होती कीं दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला आहे, आणि तार म्हणजे त्याला खेंचणारी पक्कड. डॉक्टरांनीं ती समजूत दूर केली. दांताचें मूळ व हाड यांच्यामध्यें सुमारें पाव मिलिमीटरची एक जिवंत गादी असते, आणि तिच्यांतल्या सूक्ष्म तंतूंनीं दांत टांगल्यासारखा धरलेला असतो. दांतावर एका बाजूनें हलका दाब सतत राहिला कीं, ज्या बाजूला गादी दाबली जाते तेथें शरीरांतल्या कांहीं पेशी हाड हळूहळू पोखरून नेतात, आणि ज्या बाजूला ती ताणली जाते तेथें दुसऱ्या पेशी नवें हाड भरतात. दांत हाड फोडून जात नाहीं. पुढचें हाड त्याला वाट देतें आणि मागचें हाड त्याच्या पाठोपाठ येतें. हें काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीनें चालतें. मीं विचारलें, “मग जरा जोर वाढवला, तर काम लवकर नाहीं का होणार?” डॉक्टर हंसून म्हणाले, “मास्तर, तिथंच तर गंमत आहे.” जोर फार झाला तर त्या गादीतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, तेवढा भाग निर्जीव होतो, आणि दांत पुढें सरकण्याऐवजीं कित्येक दिवस जागच्या जागीं अडून बसतो. वेदना वाढतात, आणि मुळाचीं टोंकें झिजण्याचा धोकाहि वाढतो. हलका हात आणि खंड न पडणें, या दोहोंवर सारा उपचार उभा आहे. श्रोतेहो, छत्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला त्या बांकावर हें ऐकून काय वाटलें असेल, तें मी सांगत बसत नाहीं.

या विद्येला लहानसा इतिहासहि आहे. फ्रान्समधील प्येर फोशार यानें १७२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकाच्या ग्रंथांत दांत ओळींत आणण्यासाठीं धातूच्या पट्टीचा उपयोग सांगितला आहे. अमेरिकेचे एडवर्ड अँगल यांनीं १८९९ सालीं, पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात हें पाहून, वांकड्या दांतांचे तीन वर्ग पाडले. ते आजहि जगभर चालतात. पूर्वीं प्रत्येक दांताभोंवतीं धातूचें कडें बसवावें लागे. १९६५ च्या सुमारास दांताच्या पृष्ठभागावरच ब्रॅकेट चिकटविण्याची युक्ति निघाली, आणि पुढें निकेल व टिटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची तार आली. ही तार कितीहि वांकविली तरी आपल्या मूळ आकाराकडे हळूहळू परत येते, आणि परत येतांना दांताला बरोबर घेऊन येते. आमच्या नातीच्या प्रत्येक दांतावर टिकलीएवढें एक ब्रॅकेट बसविलें, आणि त्यांतून सुतळीहूनहि बारीक अशी तार ओंवली. बसवितांना दुखलें नाहीं. ती आरशांत पाहून हंसली सुद्धां.

येथें माझी पहिली चूक झाली. जातांना एस. टी. मध्यें तिनें मला विचारलें होतें, “आबा, दुखेल का हो?” आणि मीं आजोबांच्या थाटांत सांगितलें होतें, “मुळींच नाहीं. मुंगी चावल्याएवढंसुद्धां नाहीं.” संध्याकाळीं घरीं पोहोंचेपर्यंत दांत ठणकूं लागले. रात्रीं तिला पोळीचा घांस चावतां येईना. मी दुधांत पोळी कुस्करून घेऊन गेलों, तर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. ती म्हणाली, “तुम्ही खोटं सांगितलंत, आबा.” तिच्या आवाजांत राग नव्हता, राग असता तर मला बरें वाटलें असतें. त्यानंतर कित्येक दिवस, दवाखान्यांत काय होणार आहे हें ती मला विचारीत नसे, डॉक्टरांना विचारी.

म्हणून मुलाला आधींच खरें सांगावें. तार बसविल्यावर किंवा बदलल्यावर कांहीं तासांनीं दांत दुखूं लागतात. दुसऱ्या दिवशीं दुखणें सर्वांत अधिक असतें, आणि साधारण आठवड्याच्या आंत तें ओसरतें. डॉक्टरांनीं सांगितलेल्या प्रमाणांत पॅरासिटॅमॉलची गोळी चालते. पहिले चार दिवस मऊ भात, वरण, खिचडी, दुधांत कुस्करलेली भाकरी असें खाणें द्यावें. गालाला ब्रॅकेट घांसून छाले पडतात. त्यासाठीं दवाखान्यांत मिळणारें मेण वाटाण्याएवढें घेऊन त्या जागीं दाबावें, आणि कोमट मिठाच्या पाण्यानें चूळ भरावी. दोन-तीन आठवड्यांत गाल सरावतात. कधीं दाढेला कडें बसवावयाचें असलें तर आधीं कांहीं दिवस दोन दाढांमध्यें रबराची चिमुकली कडी अडकवितात. तीहि थोडी दुखते. दांत किंचित् हलल्यासारखे वाटतात, त्यानें घाबरूं नये. हलल्यावांचून ते जागा कशी बदलणार? इतकें सारें मुलाला मोकळेपणानें सांगितलें, तर दुखलें तरी तें आपल्यावरचा विश्वास टाकीत नाहीं.

रोजचें काम दोन गोष्टींचें. स्वच्छता व खाणें. तारेच्या कोनाकोपऱ्यांत अन्न अडकतें. तें राहिलें तर ब्रॅकेटभोंवतीं दांतावर खडूसारखे पांढरे डाग पडतात. तो किडीचा आरंभ असतो, आणि तार निघाली तरी डाग राहतात. म्हणून प्रत्येक जेवणानंतर ब्रश, फ्लोराइडचें मंजन, आणि तारेखालून फिरविण्याचा बाटलीच्या कुंचल्यासारखा चिमुकला ब्रश, हें चुकूं देऊं नये. खाण्यांत चिक्की, फुटाणे, बर्फ, च्युइंगम, डिंकाचा कडक लाडू हीं वर्ज्य. ऊस दांतांनीं सोलणें बंद. पेरू, सफरचंद, मक्याचें कणीस हीं वर्ज्य नाहींत. पण फोडी करून, दाणे काढून खावीं. पेन्सिलीचें टोंक चावण्याची संवय असेल तर तीहि सोडावी लागते.

माझी दुसरी चूक या खाण्यावरूनच झाली. पहिल्या चुकीनंतर मी फार दक्ष झालों होतों. सकाळीं ब्रश, दुपारीं तपासणी, संध्याकाळीं ताकीद. शाळा सुटली तरी मास्तर सुटला नव्हता. संक्रांतीला एका नातलगांकडे कडक गुळाची तिळाची वडी पुढें आली. तिनें ती खाल्ली, आणि एका उपदाढेवरचें ब्रॅकेट सुटलें. तें तारेवर लोंबत राहिलें. ही गोष्ट तिनें तीन आठवडे कोणालाच सांगितली नाहीं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनीं तोंड उघडून पाहिलें, आणि ते कांहीं वेळ बोलले नाहींत. तो दांत मागें फिरला होता. वळणावर आणलेलें सारें पुन्हां करावें लागणार होतें. दोन महिने वायां गेले. मी तिच्यावर ओरडणार, तोंच डॉक्टरांनीं तिला विचारलें, “लगेच कां नाहीं सांगितलंस, बाळ?” तिनें माझ्याकडे पाहिलें आणि हळूच म्हणाली, “आबा रागावतील म्हणून.”

डॉक्टर मला एवढेंच म्हणाले, “दाब जास्त झाला, मास्तर.”

परततांना एस. टी. मध्यें मी तिला म्हणालों, “यापुढं कांहीं तुटलं, सुटलं, तर मला सांग. मी रागावणार नाहीं.” तिनें मान डोलावली, विश्वास ठेविला कीं नाहीं, तें कळलें नाहीं. पण महिनाभरानें एका संध्याकाळीं ती आपण होऊन आली. “आबा, मागची तार गालांत टोंचते आहे.” आम्ही मेण लावलें, सकाळीं दवाखान्यांत फोन केला, आणि दोन मिनिटांत काम झालें. त्या दिवशीं मला जें समाधान वाटलें, तें मला शाळा-तपासनिसांच्या चांगल्या शेऱ्यानेंहि कधीं वाटलें नव्हतें.

ब्रॅकेट सुटणें ही कांहीं आपत्ति नव्हे. दवाखान्याला कळवावें, आणि डॉक्टर सांगतील तसें करावें. तपासणीच्या दिवसापर्यंत लपवूं मात्र नये. एखादा चिमुकला तुकडा गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो. पण ठसका थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल तर तडक रुग्णालय गांठावें.

मध्यावर रबराचीं बारीक कडीं येतात. वरच्या सुळ्याच्या आंकड्यापासून खालच्या दाढेपर्यंत तीं मुलानें स्वतः अडकवावयाचीं असतात, आणि जेवण व दांत घांसणें एवढा वेळ सोडून बहुधा रात्रंदिवस ठेवावयाचीं असतात. येथें डॉक्टरांचा हात पोंचत नाहीं, आईबापांचाहि फारसा नाहीं. दिवसा शाळेंत काढून ठेविलीं तर रात्रीं लावलेलीं फुकट जातात. मीं तिला एक जुना हजेरीपट दिला. त्यांत ती स्वतःची हजेरी स्वतः लिही. चुकलेल्या दिवशीं गैरहजेरीहि लिही. मीं तो पट कधीं तपासला नाहीं. माझ्या नोकरींत जें मला साधलें नव्हतें, तें निवृत्तीनंतर साधलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अलीकडे तारेऐवजीं पारदर्शक प्लॅस्टिकचीं साच्यासारखीं कवचेंहि निघालीं आहेत. तीं दिसत नाहींत, काढून जेवतां येतें. पण दिवसाचे वीस-बावीस तास घातलीं तरच काम करतात, आणि तीं हरवणेंहि सोपें. तेव्हां मूल किती नेमाचें आहे, हा प्रश्न तेथेंहि सुटत नाहीं. तज्ज्ञानें तोंड न तपासतां नुसत्या घरबसल्या मापावर मागविलेल्या कवचांच्या वाटेला मात्र जाऊं नये.

आतां खर्च. तो प्रत्येक ठिकाणीं व प्रत्येक मुलाचा निराळा, म्हणून आंकडा सांगत नाहीं. पण चार प्रश्न आधीं विचारावे. उपचार किती महिन्यांचा धरला आहे? रक्कम हप्त्यानें देतां येईल काय? सुटलेल्या ब्रॅकेटचे वेगळे पैसे पडतील काय? आणि शेवटीं लागणारें रिटेनर या रकमेंत धरलें आहे काय? उपचार करणारे गृहस्थ बी. डी. एस. नंतर तीन वर्षांचा एम. डी. एस. हा अभ्यास याच शाखेंत केलेले आहेत काय, हेंहि विचारावें. त्यांत संकोच नको. मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें शासकीय दंत महाविद्यालयें आहेत, आणि मुंबईस महापालिकेचें नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं वेळ अधिक लागला तरी खर्च खासगीपेक्षां कमी येतो, आणि शिकणारे डॉक्टर अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखालीं काम करतात. ज्या घरांत मुलाच्या दांतांसाठीं पैसे काढतात आणि मुलीसाठीं काढीत नाहींत, किंवा उलट मुलीसाठीं केवळ लग्नाकरितां काढतात, तीं दोन्ही घरें मला सारखींच चुकलेलीं दिसतात. चावणें, बोलणें, दांत नीट स्वच्छ ठेवणें, आणि मोकळेपणानें हंसणें, हीं दोघांचींहि कामें आहेत.

पुऱ्या तोंडाच्या उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षें लागतात. आम्हांला सव्वीस महिने लागले, आणि त्यांतले दोन माझ्या खात्यावर मांडावे. तार निघाली त्या दिवशीं नात बराच वेळ जीभ दांतांवरून फिरवीत बसली होती. मला वाटलें, संपलें. डॉक्टर म्हणाले, “आतां खरी परीक्षा.” हाड नव्या जागीं पक्कें होण्यास महिने लागतात, आणि दांताच्या मानेभोंवतींचे हिरडींतले तंतु तर वर्ष वर्षभर त्याला जुन्या जागेकडे ओढीत राहतात. म्हणून रिटेनर नांवाचें साधन आधीं कांहीं महिने रात्रंदिवस, आणि मग रात्रीं घालावयाचें. किंवा दांतांच्या आंतल्या बाजूस बारीक तार चिकटवून ठेवावयाची. रात्रींचें रिटेनर किती दिवस, असें मीं विचारलें. उत्तर आलें, “दांत सरळ हवेत तितके दिवस.” हें उत्तर आईबापांनीं पहिल्याच दिवशीं ऐकून ठेवावें. पुष्कळांचा दोन वर्षांचा खर्च व कष्ट या शेवटच्या आळसानें पाण्यांत जातो.

आणखी एक प्रसंग सांगून पुरें करतों. तार ऐन जोरांत असतांना शाळेच्या संमेलनांत नातीला निवेदन करावयाचें होतें. वर्गांतल्या मुलांनीं तिला ‘तारेचं कुंपण’ असें नांव ठेविलें होतें. तें तिनेंच घरीं येऊन आम्हांला हंसत सांगितलें होतें. मी मागच्या रांगेंत बसलों होतों. ती उभी राहिली, पहिलें वाक्य बोलली, आणि दिव्याच्या उजेडांत तोंडांतली सारी तार चमकली. सभागृहांत एक-दोन ठिकाणीं खसखस पिकली. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहत होतों. तो हात कागद धरून जेथें होता तेथेंच राहिला.

माझा तो जुना विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. त्याच्या वेळीं ही सोय आमच्या गांवापासून दूर होती, आणि त्याच्या बापाला ती परवडलीहि नसती. पण एक प्रश्न विचारावयास मला कांहीं खर्च येणार नव्हता. तुमच्या घरांत किंवा वर्गांत एखादें मूल हंसतांना, वाचतांना तोंडापुढें हात धरीत असेल, तर ‘हात खालीं घे’ असें त्याला सांगण्यापूर्वीं तो हात तेथें कां आला, एवढें जवळ बसवून विचारा. आणि उपचार ठरलाच, तर दुखेल तेवढें दुखेल, असें त्याला खरें सांगा.